भिंतींची नाडी पाहणारे आतोबा

माणसाची नाडी पाहणारे वैद्य-डॉक्टर पुष्कळ झाले असतील, पण भिंतीची नाडी पाहणारा माणूस खंडाळ्यापासून तळेगावापर्यंत एकच होऊन गेला, आणि ते म्हणजे माझे आतोबा. हे मी प्रेमापोटी वाढवून सांगत नाही. भिंतीला कान लावून बसलेले आतोबा मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. डोळे मिटलेले आणि एक बोट वर, म्हणजे घरात कुणी बोलायचे नाही. बऱ्याच वेळाने ते कान सोडवून घेत आणि गंभीरपणे म्हणत, "सर्दी आहे. अजून छातीत उतरलेली नाही." लगेच घरातली एकुलती एक शेगडी त्या भिंतीपुढे नेऊन ठेवली जाई, आणि पाहुण्यांचा चहा भिंतीला घाम फुटेपर्यंत थांबे.

आतोबा माझ्या धाकट्या आत्याचे यजमान. लोणावळ्याला बाजाराच्या टोकाशी एका डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथे ते कंपौंडर होते. त्या काळी कंपौंडर म्हणजे अर्धा डॉक्टर, आणि आतोबांच्या मते उरलेला अर्धा नुसता सही करायचा. दिवसभर खलात पुड्या घोटायच्या, तांबडी-पांढरी मिश्रणे बाटल्यांत भरायची आणि बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची, म्हणजे एक डोस कुठवर ते रोग्याला कळते. हीच विद्या त्यांनी घरी चालवली. चुन्याच्या बादलीवर त्यांनी अशीच खाचांची पट्टी लावली होती. एक खाच म्हणजे एक भिंत. खाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी होती: 'बाहेरून लावणे. वापरण्यापूर्वी हलवावे.' हलवण्याचे काम आत्याकडे असे, कारण स्वतः आतोबा हलवायला लागले की अर्धी भिंत त्यांच्या सदऱ्यालाच लागे.

आता हे घर कोणते आणि त्याची एवढी काळजी कशासाठी, ते सांगितले पाहिजे. आतोबांचे मूळ घर वराळ्याचे. शेतकरी कुटुंब, भाताची खाचरे, भरलेला गोठा, आणि या सगळ्यावर आतोबांचे थोरले बंधू. त्यांना घरीदारी सगळे आबा म्हणत. माझी आत्या त्या घरात धाकटी जाऊ म्हणून अकरा वर्षे नांदली. मूलबाळ नव्हते, पण त्यावरून कुणी तिला टाकून बोलले नाही. खाण्यापिण्याला कमी नव्हते. फक्त त्या भरल्या घरात तिचे म्हणावे असे काही नव्हते. तिचा हात मोठा चित्राचा. एका दिवाळीत तिने माजघराच्या भिंतीवर गेरूने मोरांची जोडी काढली. दुसऱ्या दिवशी सारवण निघाले. थोरल्या जावेने शेणाचा हात फिरवता फिरवता मोरांवरून नेला आणि ती पुढच्या भिंतीकडे वळली. तिच्या मनात काही नव्हते. तिला मोर दिसलेही नसतील. ही हकीकत आत्याने मला, आपल्या शाळामास्तर भाच्याला, हसत हसत सांगितली, आणि मधेच हसायची थांबून म्हणाली, "मास्तर, मला एक भिंत पायजे बग. एकच. जिच्यावर मला इचारल्याबिगर दुसऱ्या कुनाचा हात फिरनार न्हाई."

आतोबा तेव्हा शेजारी पान लावत बसले होते. पुढच्याच माघात त्यांनी वलवणच्या वाटेवर तीन खोल्यांचे एक पडीक घर घेतले. घर कसले, तीन खोल्यांची समजूत होती ती. कौले निम्मी, दारे दीड, आणि स्वयंपाकघराला पश्चिमेची भिंतच नव्हती. तिथे फाटके गोणपाट लोंबत होते. आबा येऊन बघून गेले. माणूस वाईट नव्हता, पण धाकट्या भावाला मोडक्या घरात टाकून आपल्याला रात्री झोप कशी लागेल, हा त्यांचा सरळ हिशेब. ओसरीवर उभे राहून त्यांनी निकाल सांगितला. "हा लोनावळ्याचा पाऊस हाय, त्यो कुनाची गय करीत न्हाई. एक पावसाळा काढा हितं. घर हुबं ऱ्हायलं तर ऱ्हावा खुशाल, मी परत तोंड उचकटनार न्हाई. पर भिंत पडली तर मुकाट्यानं वराळ्याला यायचं, आन् पुन्यांदा ह्यो इषय काढायचा न्हाई." आतोबा मान हलवून हो म्हणाले. आत्याने पदर खोचला आणि बादली उचलली.

गवंडी-सुतार बोलवायला दोघेही तयार नव्हते. आत्याला दुसऱ्याचा हात नको होता, आणि आतोबांचा आक्षेप शास्त्रीय होता. गवंड्याने कधी एकही भिंत आतून तपासलेली नसते, असे त्यांचे म्हणणे. मी तेव्हा कामशेतला शाळामास्तर होतो. आत्या माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी, त्यामुळे नात्यापेक्षा दोस्तीच जास्त. दर रविवारी गाडी धरून मी लोणावळ्याला जायचो आणि या दोघांनी आठवडाभरात घराचे काय केले ते बघायचो. एखाद्या रविवारी घर ओळखू यायचे नाही. एखाद्या रविवारी ते दोघेच ओळखू यायचे नाहीत.

पहिला उपचार जमिनीवर झाला. माती टाकून, पाणी शिंपडून दोघांनी ती तीन दिवस चोपली. सपाटी बघायला आतोबांनी दवाखान्यातली एक चपटी बाटली आणली. तिच्यात बुडबुड्यापुरती जागा सोडून मिश्रण भरून ती आडवी ठेवायची आणि वरचा बुडबुडा मध्यावर येतो का ते बघायचे. युक्ती खरोखर चांगली होती. पण आत्याचा बाटलीवर विश्वास नव्हता. ती जमिनीवर सुपारी ठेवायची आणि सुपारी घरंगळली की "हितं चडाव हाय" म्हणून तिथे चोपणे घ्यायची. आतोबांची बाटली सांगायची तिथे उतार आहे. मग एकाने माती टाकायची आणि दुसऱ्याने तीच चोपून काढायची, असे दोन दिवस चालले. शेवटी दोघांनी तोडगा काढला: अर्धी खोली बाटलीच्या मताने, अर्धी सुपारीच्या. दोन्ही मते जिथे भेटत तिथे बोटभर उंचवटा राहिला. त्या घरी जेवायला बसताना पाट कुणीकडे मांडला आहे ते बघून बसावे लागे, नाहीतर आमटी ताटाच्या एका कडेला जाऊन आपली वाट बघत बसे.

मग रंग निघाला. आत्याला बाहेरची खोली गुलाबी हवी होती. गुलाबी रंग कुठून आणायचा? आतोबांनी क्षणभर विचार केला आणि दवाखान्यातले ते लाल औषध आणले, जे साथीच्या दिवसांत विहिरीत टाकत. चिमूटभर चुन्याच्या बादलीत पडले मात्र, असा काही गुलाबी रंग उतरला की आत्याने आनंदाने टाळी वाजवली. दिवसभर दोघांनी खोली रंगवली. मी रविवारी पोचलो तेव्हा खोली चहाच्या रंगाची झालेली आणि दोघे उंबऱ्यावर बसून चहाच पीत होती. "सोमवारी गुलाबी व्हती रं," आत्या म्हणाली. "बुधवारी अबोली. आता ही अशी." आतोबांनी कपाचा रंग भिंतीशी ताडून पाहिला आणि शांतपणे सांगितले, "आजारातून उठलेल्या माणसाचा रंग पालटतोच. टिकाऊ रंग आता आला आहे." तो खरोखरच टिकला. पुढे त्यावर चुन्याचे तीन हात दिले तरी तो पावसाळ्यात वर येऊन आपली हजेरी लावून जात असे.

दोघांची कामाची वाटणी बघायला रस्त्यावरची माणसे थांबत. आतोबांना उंचीवर चक्कर यायची, म्हणून शिडीवर आत्या. नऊवारीचा काचा मारून, डोक्याला फडके बांधून, तोंडात दोन खिळे धरून ती छपराशी उभी, आणि आतोबा खाली हातात औषधाचा मापी ग्लास घेऊन. त्या काळात बाईमाणसाने शिडीवर चढायचे म्हणजे काय, हे सांगायला नको. स्टेशनाकडे जाणारे एक बुजुर्ग गृहस्थ एकदा थबकून म्हणाले, "अहो, बायकोला वर चढवून तुम्ही खाली काय करता?" आतोबा म्हणाले, "ती पडली तर झेलायला कुणीतरी माहितगार नको?" आणि ग्लास वर दिला. दोघांचे भांडण झाले की मात्र शिडीच्या वरचे आणि खालचे बोलणे बंद व्हायचे आणि सगळा व्यवहार माझ्यामार्फत चालायचा. "मास्तर, वरच्या मंडळींना सांग, चुना दाट झालाय." "मास्तर, खालच्यांना म्हनावं, मला डोळं हायती." मी मधे उभा राहून दोन्हीकडे बघत राहायचो. सांगण्याची गरज कधी पडली नाही, कारण माझे तोंड उघडायच्या आत चुन्यात पाणी पडलेले असे.

राहिली ती पश्चिमेची भिंत. पावसाळ्यातला वारा, पाऊस, धुके, जे काही येते ते त्याच बाजूने. विटांची भिंत घालणे दोघांना जमण्यातले नव्हते, म्हणून कारवीच्या काटक्या विणून, वर माती लिंपून कुड घालायचे ठरले. आंदर मावळातल्या एका ठाकरवाडीवरून एक जण कामशेतच्या बाजारात कारवीच्या मोळ्या विकायला येत. त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. बोलणे कमी, पण बोटे अशी की कारवीची काटकी हातात घेतली की ती आपणहून वाकायची. मी त्यांना लोणावळ्याला घेऊन गेलो. त्यांनी एका दिवसात काटक्यांचा कुड विणून उभा केला आणि जाताना आतोबांना बजावले, "आतनं-भायेरनं शेणमाती लिंपा. चुना नगं, काय नगं. आन् भायेरनं गवताच्या ताट्या बांदा चांगल्या जाड. लोनावळ्यात समदी बांदत्यात. पाऊस ताटीवरनं जातुया, माती कोरडी ऱ्हातीया." आतोबांनी ही सगळी सूचना दवाखान्याच्या कागदावर लिहून घेतली, खाली तारीख घातली, आणि कागद फळीवर ठेवला. तो तिथेच राहिला.

कारण मधल्या काळात आत्याने त्या भिंतीवर बाहेरच्या बाजूने चित्र काढले. शेणमातीवर पांढरी माती, त्यावर गेरू. यात मोर तर होतेच, पण घाटाच्या बोगद्यातून निघालेली आगगाडी होती, भात लावणाऱ्या बाया होत्या, आणि एका कोपऱ्यात शिडीवर बाई आणि खाली ग्लास घेतलेला माणूसही होता. रस्त्याने जाणारी माणसे थांबून बघत. वलवणच्या बायका मुद्दाम वाट वाकडी करून येत. आत्याला अकरा वर्षांनी भिंत मिळाली होती, आणि आता तिच्यावर गवताच्या ताट्या बांधायच्या! ती म्हणाली, "जरा दिस ऱ्हाऊ द्या. मिरगाच्या आदी बांदू." मृग आला. "अजून जोर कुटं हाय?" आतोबांना काय करावे कळेना. त्यांना ताट्यांचे महत्त्व पटले होते, पण तिचा चेहराही दिसत होता. शेवटी त्यांनी आपल्या अकलेप्रमाणे मार्ग काढला. भिंतीच्या बारीक भेगांवर त्यांनी खळीत भिजवलेल्या जाळीच्या कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या, अगदी मोडलेल्या हाताला बांधतात तशा. मग सगळ्या चित्रावर जवसाच्या तेलाचे एक, दोन, तीन, चार हात दिले. भिंत तुकतुकीत झाली. पाण्याचा तांब्या मारला तर पाणी ओघळून जाई. आतोबा दोन दिवस स्वतःच तांब्या मारून बघत होते आणि दर वेळी आम्हाला बोलवत होते.

जुलैत पाऊस लोणावळ्याला यायचा तसा आला. आठ-आठ दिवस सूर्य नाही, कपडे वाळत नाहीत, मीठ बरणीत पाणी होऊन बसते. भिंत बाहेरून कोरडी होती, मोर चकाकत होते, आणि आतोबांचा चेहराही. पण पाणी समोरून येत नव्हते, ते वळचणीखालून वरच्या कडेने हळूच कुडात उतरत होते. एकदा आत गेले की तेलाने तोंड बंद असल्यामुळे बाहेर यायला वाट नव्हती. भिंत फुगायला लागली. आधी आगगाडी वाकली, मग बायांची पोटे पुढे आली. आतोबांनी फुगवट्यावर बोटे दाबून तपासले, आत्याला दाबायला लावले, आणि निदान केले: "गळू आहे. आत पू झालाय. चीर दिल्याशिवाय उतरायचं नाही." हे सगळे आत्याने मला नंतर सांगितले. आतोबांनी चाकू स्पिरिटने पुसून घेतला. आत्याने बादली खाली धरली आणि जागा दाखवली, "जरा खाली घ्या, मोराला लागंल." भिंतीच्या पायथ्याशी चांगली वीतभर चीर दिली. पाणी खरोखरच आले, गढूळ, दोन बादल्या. आतोबा म्हणाले, "आता आराम वाटेल तिला." दोघे हात धुऊन जेवायला बसली. दुसरा भात वाढला जात होता तोवर भिंतीने हातपाय सोडले आणि ती जागच्या जागी खाली बसली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. स्वयंपाकघरात पाऊस आला, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या दोन माणसांनी या दोघांना हातात घास घेऊन बसलेले पाहिले.

शनिवारी सकाळी मला कामशेतला कार्ड मिळाले. 'चि. मास्तर यांस अनेक आशीर्वाद. पश्चिमेकडील भिंतीस आज दुपारी साडेबारा वाजता देवाज्ञा झाली. परवा रविवारी आबा वराळ्याहून पाहणीसाठी येत आहेत. तुझी आत्या बोलत नाही. लवकर यावे.' पहिल्या वाक्यावर मला हसू आले, पण शेवटच्या दोन वाक्यांनी ते गेले. आत्या दिवसातून दोनदा-तीनदा रागावायची, रुसायची, भांडायची. पण कुणाशीच बोलत नाही असे कधी झाले नव्हते. नशिबाने बाजाराचा दिवस होता. भाऊ मोळ्या घेऊन आलेच होते. मी त्यांना म्हटले, "भिंत पडली." त्यांनी विचारले, "ताट्या बांदल्या न्हाईत ना?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता मोळी उचलून स्टेशनाकडे चालू लागले.

आम्ही पोचलो तेव्हा आत्या चिखलाच्या ढिगापाशी बसली होती. तिच्यासमोर मातीचा एक ढेपसा होता, त्यावर अर्धा मोर. आतोबा गोणपाट धरून उभे होते, तिच्यावर पाऊस येऊ नये म्हणून, आणि स्वतः नखशिखांत भिजत होते. भाऊंनी ढिगातली एक पट्टी चिमटीत धरून वर केली. जाळी, खळ, तेल. त्यांनी ती हुंगली. "भिंतीला बी दम घ्याया लागतो वं," ते म्हणाले. "तुमी तिचं नाक-त्वांड बांदलं." आतोबांनी मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, "निदान बरोबर आहे." तेव्हा आत्याने तोंड उघडले. "त्येंनी माज्यापायी बांदलं. माजी चितरं ऱ्हावी म्हनून." आणि ती रडायला लागली. मी तिला लहानपणापासून पाहत आलो, तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले, आणि मला फार वाईट वाटले. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "न्येतील आता. उद्या न्येतील."

भाऊ कारवी सोलत बसले. संध्याकाळपर्यंत आणि पुन्हा उजाडल्यापासून आम्ही चौघे राबलो. भाऊ विणत, मी काटक्या देई, आतोबा माती तुडवत, आत्या लिंपत. या वेळी मापी ग्लास बाहेर निघाला नाही. दुपारी कुड उभा राहिला, लिंपून झाला, पण पावसाळ्यातली माती, ती कसली सुकते! आतोबांनी शेगडी लावली, चूल पेटती ठेवली, आणि भिंतीवर आतून आत्याच्या दोन वाकळी टांगल्या, शोभेसाठी टांगाव्यात तशा. स्वयंपाकघरात बसणे कठीण झाले.

तीनच्या गाडीने आबा आले. डोक्यावर घोंगडी, पायांत चिखल, आणि खांद्यावर नव्याकोऱ्या काथ्याच्या दोरीचे मोठे भेंडोळे. ते त्यांनी दारात उतरवून ठेवले. कशासाठी आणले ते कुणी विचारले नाही. सामान बांधायला. आबा पाटावर बसले, पाणी प्याले, इकडे तिकडे पाहिले. "एवडं कशापायी तापवलंय घर?" "हवा दमट आहे," आतोबा म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. आबांनी वाकळींकडे पाहिले. मग ते उठले, एक वाकळ बाजूला सारली, आणि जनावराच्या पाठीवर हात टाकावा तसा त्यांनी भिंतीवर पंजा टेकला. चार बोटे पेरापर्यंत आत रुतली.

चुलीतले लाकूड तडतडले. मग आतोबांचे सगळे शुद्ध बोलणे गळून पडले आणि ते वराळ्याच्या बोलीत म्हणाले, "पडली ती भिंत, आबा. परवा दुपारी. खोटं कशाला बोलू? चूक माजी हाय. म्याच तेल लावलं, म्याच चीर दिली."

"त्येंची न्हाई," आत्या म्हणाली. "ताट्या म्या बांदू दिल्या न्हाईत."

"तिनं सांगितलं व्हतं बांदू म्हनून. म्याच लांबवलं."

"कवा सांगितलं? उगं आपलं!"

असे ते दोघे गुन्ह्यासाठी भांडू लागले, आणि आबा भिंतीपाशी मातीने भरलेला हात धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी विचारले, "परत कुनी घातली ही?" उंबऱ्यावर बसलेले भाऊ म्हणाले, "म्या निस्ती कारवी इनली. लिंपलंय बाईनं. चांगलं लिंपलंय." आबांनी आत्याच्या हातांकडे पाहिले. चुन्याने ते हात महिनोन्‌महिने भेगाळलेले होते. मग त्यांनी घमेल्यातली थोडी माती बोटांवर घेतली आणि आपण पाडलेली चार भोके बुजवायला हात वर उचलला.

"ऱ्हाऊ द्या, आबा," आत्या म्हणाली. "म्या करते."

अकरा वर्षांत त्या घरातल्या कुठल्याही सुनेने आबांना 'राहू द्या' म्हटले नव्हते. आबांचा हात तसाच थांबला. आबांनी तिच्याकडे पाहिले. मग त्यांनी ती माती परत घमेल्यात टाकली. "व्हय," ते म्हणाले, "तुजी भिंत हाय. तूच कर."

त्यांनी बादलीत हात धुतले. दारातले दोरीचे भेंडोळे उचलून भाऊंच्या पुढ्यात टाकले आणि खेकसले, "ताट्या मातुर आजच्या आज बांदायच्या. ही दोरी घ्या. आन् मला कुनी जेवाया वाढनार हाय का न्हाई?" आत्या पानं घ्यायला वळली आणि तिने पदराने तोंड पुसले. तिच्या गालावर माती लागली. तसे कुणी तिला सांगितले नाही.

त्या घरात ते दोघे पुढे सोळा-सतरा पावसाळे राहिले. ते घर कधी पुरे झाले नाही. दर उन्हाळ्यात काहीतरी फोडले जाई, दर पावसाळ्यात झाकले जाई, आणि बाहेरून ताट्या बांधल्या की आत्या आतल्या बाजूने चित्रे काढी. मला वाटते, तेवढे सुखी जोडपे मी पाहिले नाही. लढाईच्या दिवसांत एका हिवाळ्यात आत्या तापाने गेली. चार दिवसांच्या दुखण्यात. आतोबांनी स्वतःच्या हाताने तिची औषधे कालवली, पण ती लागू पडली नाहीत.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी घर एका रेल्वेतल्या कुटुंबाला द्यायचे ठरवले आणि वराळ्याला जायला निघाले. मी रागावलो. म्हटले, "आतोबा, ज्या घरासाठी दोघांनी एवढे केलेत, ते असे कसे सोडता?" ते ट्रंकेचे कुलूप लावत होते. मान वर न करता म्हणाले, "मास्तर, घर तुझ्या आत्याचं होतं रे. मी तिच्या हाताखाली होतो. आता खिळा कुठं ठोकायचा, हे मी कुणाला विचारू?" मी ट्रंक उचलली. त्यांनी दार ओढून घेतले आणि आम्ही स्टेशनाकडे चालू लागलो. ते एकदाही मागे वळून बघत नव्हते, म्हणून मीही बघितले नाही. बाजारापर्यंत आलो आणि ते एकदम थांबले.

"दार नुसतंच ओढलंय आपण," ते म्हणाले. "ती असती तर परत पाठवलं असतं."

गाडीला वेळ थोडा होता. तरी आम्ही दोघे ट्रंक घेऊन परत गेलो, आणि आतोबांनी दार नीट लावले.